जायचं हाय म्हणला

— न्हाई न्हाई, मी कुठं चाललो न्हाई भाऊ. पोचवायला आलोय. राहू द्या, ती बॅग खाली नका ठेवू, मला एवढी जागा बास हाय, टेकायपुरती. बूट लागून राहिले हो जरासे. नवे हायेत ना. नवा बूट आन नवा जावई, पहिलं वरीस चावणारच. पायाला तरी काय माहीत बूट — जलमभर चपला, न्हाईतर उघडे पाय. मी तिकडं सिद्धेश्वरच्या धरणाखाली राहतो, कालव्यावर पाटकरी होतो — पाण्याचं दार उघडायचं, पाण्याचं दार लावायचं, एवढंच काम — चिखलात बूट कुठं घालता? मंग आता म्हातारपणी काहून घेतले? घेतले आपले. नेमसिंग म्हणला घे. नेमसिंग म्हंजी आमच्या शेजारच्या तांड्यावरचा, ट्रक चालवायचा, सगळा मुलूख पाहिलेला माणूस. म्हणला, व्यंकटराव, मोठ्या शहरात लई चालावं लागतंय, तिथं चपलेचा अंगठा तुटला तर कोण शिवून देणार हाय तुला? म्हणून घेतले. — आता तुमी म्हणाल, हा म्हातारा चाललो न्हाई म्हणतो आन बूट शहरासाठी घेतले म्हणतो. तसंच हाय ते. गाडीला येळ हाय ना तुमच्या? आत्ताच ती बाई भोंग्यातून बोलली — मला तिचं अर्धं समजतंय, अर्धं इरून जातंय — पण 'देरी' एवढं बराबर समजतंय.

ते पहा, तिकडं, उन्हात, खांबापाशी. तिथंच डबा येतो म्हणतेत, म्हणून उन्हात उभे हायेत. तुमी शहाणे, लिंबाखाली बसले. निळा शर्ट हाय ना, तो माझा पोरगा, स्वप्निल. हितंच हिंगोलीत राहतो. लोकांच्या गच्चीवर त्या उन्हाच्या पाट्या बसवतो, लाइटीच्या. चांगलं चाललंय, देवाची दया. पिवळ्या ड्रेसवाली सून, सपना. खाली मान घालून मोबाइलमधी शिरलाय तो नातू, रुद्र — त्याला कुठंबी न्या, त्याचं एकच, तिथं नेट हाय का. आन बॅगेवर बसली हाय, आपल्याकडं पाठ करून, ती वैष्णवी. नात. रुसली हाय. कोणावर? माझ्यावर. व्हय, माझ्यावर. सकाळपासून एक शब्द बोलली न्हाई. मी म्हणलं, बाई, बाटली दे, पाणी भरून आणतो — तर बाटली दिली, पण अशी तिकडं पाहून. म्हणून मी उठून इकडं आलो. नळ तो तिकडं हाय, माहीत हाय मला. बसू द्या जरा. नळ कुठं जातोय.

आता तिनं काहून रुसावं? तर तिचा उंट मी घालवला. जयपूरला उंट हाय ना — उंटावर बसायचं होतं तिला. आन मी हैदराबाद म्हणलं. मी म्हणलं म्हणून सगळे हैदराबादला चालले. हसू नका, खरंच सांगून राहिलो. ह्या घरात मी एक गोष्ट ठरवली, तेवढी ही.

झालं काय, दसऱ्याला आलते सगळे गावाकडं. जेवणं झाली. मी ओट्यावर सुपारी कातरीत बसलो होतो. स्वप्निल जवळ येऊन बसला, म्हणला, 'बाबा, दिवाळीच्या सुट्टीत फिरायला जायचं हाय. हैदराबाद का जयपूर? तुमीच सांगा. तुमी म्हणाल तिथं.' — भाऊ, अडकित्ता माझ्या हातात तसाच राहिला. मला जलमात असं कोणी इचारलं न्हाई. शेतात काय पेरायचं ते बापानं ठरवलं, बाप गेला मंग थोरल्या भावानं. पाणी कवा सोडायचं ते साहेबानं. पोराचं नाव आत्यानं ठेवलं, पोराला बायको त्याच्या मामानं पाहिली. मी आपला हाय म्हणायला. आन आता हे दोन मोठे मोठे गावं एका ताटात ठेवून पोरगं म्हणतंय, उचला बाबा, कोणतं पाहिजे. मी म्हणलं, थांब रं, एकदम कसं सांगावं, इचार करून सांगतो. तो म्हणला, करा इचार, पण लई दिवस लावू नका, तिकिटं संपतेत.

मंग काय, लागलो इचार करायला. माणसाला काम न्हाई की एवढ्याशा गोष्टीचंबी काम होतंय. नेमसिंगला इचारलं — बाबा, तू दोन्ही पाहिले, जयपूरला काय हाय? म्हणला, वाळू. आन हैदराबादला? म्हणला, गर्दी. म्हणलं, हे काय सांगणं झालं रं, लोक काय वाळू आन गर्दी पाहायला जातेत का? तर म्हणला, मी ट्रकातून पाहिलं व्यंकटराव, ट्रकातून सगळे गावं सारखेच, पुढं गाडी, मागं गाडी, मधी पोलीस. मंग लई खोदलं तवा बोलला. जयपूरला सकाळी थंडी अशी की बिडी धरवत न्हाई, किल्ले डोंगरावर, चढच चढ, पण माणूस गोड बोलतंय. हैदराबादला भूक लागली की जिकडं पाहा तिकडं जेवण, आन भाषा आपल्या कानाला ओळखीची — आपल्याकडं म्हातारे बोलायचे ना, तकलीफ, फुरसत, बंदोबस्त, तीच. ते मला बराबर पटलं. आमचा बाप निजामाच्या राज्यातला. त्याच्या टायमाला सगळं हैदराबादला — मोठा कज्जा असला तर हैदराबाद, मोठं दुखणं असलं तर हैदराबाद. कोणी लई शहाणपणा करायला लागला की बाप म्हणायचा, 'जा, हैदराबादला जाऊन सांग.' तो सोता कधी गेला न्हाई. हितून सरळ रूळ हाय, तरी न्हाई गेला. माझ्या मनात यायचं, बापानं एवढं नाव घेतलं त्या गावाचं, एकदा पाहून तरी यावं काय हाय ते.

आन मजा पहा भाऊ — गाडी एकच! हीच. तिकडून आली की हैदराबादची, इकडून आली की जयपूरची. आपलं हिंगोली मधी. मी कालव्यावरचा माणूस, मला ठाऊक, पाणी एकाच अंगाला वाहतंय. हा दोन्ही अंगाला वाहणारा रूळ मी कधी मनातच घेतला न्हव्हता. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून घरचीला सांगायचो — मनकर्णा नाव तिचं — एक दिवस जयपूर सांगायचो, एक दिवस हैदराबाद. म्हणलं, जयपूर सगळं गुलाबी हाय, भिंती गुलाबी, दुकानं गुलाबी. तर म्हणती कशी, 'सगळं गाव एका रंगाचं? मंग संध्याकाळी माणूस आपलं घर कसं ओळखतंय?' हे मला सुचलंच न्हव्हतं. नेमसिंगलाबी न्हाई. मंग हैदराबाद सांगितलं, बाजारात नुसत्या बांगड्यांची गल्ली, दोन्ही बाजूंनी बांगड्या. म्हणती, 'आन बाईला मधून चालू देतेत का, का पोलीस हाय?' असं आमचं चालायचं. तिचा सैपाक व्हायचा, माझं सांगणं व्हायचं. तिचा हात पिठात, कान माझ्याकडं.

तेवढ्यात वैष्णवीचा फोन. बापाच्या मोबाइलवरून, चोरून. 'आबा, जयपूर म्हणा. उंट हाय. उंटावर मी पुढं बसंन, तुमी मागं बसा.' असं म्हणली. बरं का — तुमी मागं बसा. आता लेकराचं काय, लेकरू बोलतंय तवा सगळ्यांना धरूनच बोलतंय. त्याच्या उंटावर जागा लई. पण मी ते धरून ठेवलं ना. मला वाटलं, घरात बोलणं झालं असंल, त्याशिवाय लेकरू कशाला म्हणंल.

आन मी जयपूरच म्हणणार होतो. खरं सांगतो. लेकराच्या तोंडाकडं पाहून. पण मनकर्णाचे गुडघे! गुडघे गेलेत हो तिचे. पायरी दिसली की तिचं तोंड उतरतंय. देवळातबी आता खालूनच हात जोडती. डोंगरावरचा किल्ला ती कशी चढंल? सगळे वर गेले असते आन ही खाली, उन्हात, एकली, पिशव्या राखत बसली असती. एवढ्या लांब नेऊन पिशव्याच राखायला लावायच्या? हैदराबादचा चारमिनार रस्त्याच्या मधोमध हाय. मान वर केली की झालं. नेमसिंग म्हणला, तिथंबी एक किल्ला हाय चढाचा, पण त्याला न्हाई गेलं तरी कोणी रागावत न्हाई. मंग मी ठरवलं. फोन केला, म्हणलं, स्वप्निल, हैदराबाद. तो म्हणला, 'पक्कं बाबा?' म्हणलं, पक्कं. मागून पोरीचं रडणं ऐकू आलं. मला वाटलं, रडू दे, तिथं गेल्यावर काहीबी घेऊन देऊ, इसरंल. गुडघ्याचं मी कोणाला बोललो न्हाई. बाईमाणसाचं दुखणं चारचौघात कशाला काढायचं? आन तिला वाटलं असतं, माझ्यापायी लेकराचा उंट गेला.

— चहा नको, तुमी घ्या. माझा झाला सकाळी.

मंग तिकिटं झाल्याचा फोन आला, निघायचा दिवस कळला, लागलो तयारीला. शेळी नेमसिंगच्या दारात नेऊन बांधली. त्याची बायको, रूपाबाई, हिनं मापाला एक जुनी बांगडी दिली — येताना लाखेच्या आणा म्हणून. गावात सगळ्यांना माहीत, व्यंकटराव हैदराबादला चालला. पारावर एक म्हणला, 'आता तुमी नवाब होऊन येता काय?' म्हणलं, व्हय, आल्यावर मुजरा करत जा. अशी हौस. मनकर्णानं औंढ्याला जाऊन नवा झंपर शिवून घेतला. मला दाखवला न्हाई, पण घडी पाहिली मी पेटीत. काल पहाटं उठून दशम्या केल्या, दुधात मळून, शेंगदाण्याची चटणी केली, फडक्यात बांधलं. दोन पिशव्या, एक वळकटी. एसटीनं दुपारी हिंगोलीत. मी बूट घालूनच आलो, म्हणलं पायाला सवय होईल.

जिना चढून दारात उभे राहिलो, तर सपनानं हसून हातातल्या पिशव्या घेतल्या. वाईट न्हाई हो ती, मनापासून करती. फडकं सोडलं, दशम्यांची चवड पाहिली आन म्हणली, 'अगं बाई आत्या, एवढ्या कशाला केल्या? आमी चौघंच तर हाओत.'

आमी. चौघंच.

मी दारातच होतो अजून. एक बूट काढला होता, एक पायात होता. तेवढ्यात स्वप्निल आला आतून, म्हणला, 'बरं झालं बाबा, आजच आले. आमी पाच-सहा दिवस न्हाई, घरात कोणी पाहिजेच होतं, कुंड्यांना पाणी घालायचं हाय. — अरे वा, नवे बूट!' मी म्हणलं, शेतात काटे लई झालेत यंदा. आन सपना म्हणली, 'घर राखायला एवढ्या पिशव्या, वळकटी? हितं सगळं हाय ना मामा.' मी खाली वाकलो, बुटाच्या नाडीला हात घातला. तर मनकर्णा म्हणली — एका झटक्यात म्हणली, जशी तिकडूनच पाठ करून आली होती — 'आगं, माझं अंथरूण बदललं की मला झोप लागत न्हाई. आन दशम्या परवासात पुरतेत, ठेव.' झालं. निभावलं तिनं. मी तो दुसरा बूट काढला.

मंग चहा पिता पिता सपनानंच सांगितलं, 'मामा, तुमी निकाल दिला ते बरं झालं. मला जयपूर पाहिजे होतं, ह्यांना हैदराबाद. महिनाभर घरात नुसती कटकट. मंग आमी ठरवलं, बाबा म्हणतील ते.' म्हंजी तसं होतं ते. वाटणीत कसं, दोघं भाऊ ऐकत न्हाईत, मंग चिठ्ठ्या टाकतेत आन गल्लीतलं एखादं लेकरू बोलावतेत — उचल बाळ एक. त्या लेकराला जमीन मिळती का? गुळाचा खडा मिळतो. मला चहा मिळाला. चांगला होता चहा, आलं टाकून.

न्हाई, त्याला दोष देऊन राहिलो न्हाई मी. तुमी तसं तोंड करू नका. पोरगं खोटं बोललं न्हाई. मी रात्री लई इचार केला, शब्द न शब्द मनात फिरवून पाहिला. तो काय म्हणला? 'जायचं हाय' म्हणला. कोणाला जायचं, ते म्हणलाच न्हाई. आपल्यात कुठं म्हणतेत? पेरायचं हाय, लगीन करायचं हाय, जेवायचं हाय — ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. त्यानं 'आमाला' धरलं, मी 'आपल्याला' धरलं. कालव्यावर मीबी तेच ओरडत जायचो सायकलवरून, 'उद्या पाणी सुटणार हाय!' तर त्या शेवटच्या टोकाचा रतनसिंग फावडं घेऊन बांधावर येऊन बसायचा. पाणी तिथवर पोचायचं न्हाई कधीकधी. पण मी बोललो त्यात खोटं काय होतं? पाणी सुटलंच होतं. तोबी कधी भांडला न्हाई. धोतर वर खोचून बसलेला असायचा आन म्हणायचा, 'तू म्हणला ना सुटणार हाय, म्हणून आलो.' — काल रात्री तो डोळ्यापुढून हटंना.

आन स्वप्निलच्या मनात आलं न्हाई, ह्यात तरी त्याचं काय? माणूस गावाला निघतंय तवा घराला इचारतंय का, बाबा, तू येतो का? घर असतंयच. मागं राहण्यासाठीच असतंय. आमी दोघं आता त्याचं घर झालो म्हणायचं. वाईट काय त्यात? वाईट न्हाई. फक्त आधी कळलं असतं तर शेळी कशाला नेऊन बांधली असती.

मनकर्णा? ती घरीच हाय. जिना उतरून यायचं म्हणजी तिला तकलीफ. रात्री अंथरुणावर पडलो, तर म्हणती, 'मला दसऱ्यालाच कळलं होतं. पोरगं इचारून राहिलं होतं, बोलावून न्हाई.' म्हणलं, मंग मला काहून न्हाई सांगितलं? म्हणती, 'तुमी रोज एवढ्या हौशीनं सांगत होते, मी कशाला मोडू? मला घरबसल्या दोन्ही गावं पाहायला मिळाले. आन माझ्या गुडघ्याला कुठं जायचं होतं.' असं म्हणली आन कूस बदलली. मला जरा हलकं वाटलं. म्हणलं, चला, एकाला तरी माहीत होतं, म्हंजी एकट्यालाच दुखलं.

— आन मंग आठवलं. कळलं होतं म्हणती, तर झंपर कशाला शिवला?

न्हाई इचारलं मी. कसं इचारावं? ती निजली न्हव्हती, मला समजतंय ना, एवढे वर्षं शेजारी झोपलो. तिचा श्वास जागीचा होता. मी म्हणलं, बरं केलं न्हाई सांगितलं ते. आन मीबी कूस बदलली. दोघंबी जागे, दोघंबी झोपल्यावाणी. सकाळी उठून तिनं सगळ्यांना चहा केला, पोरीची वेणी घातली. रूपाबाईची ती मापाची बांगडी सपनाच्या हातात दिली, म्हणली, 'शेजारणीला पाहिजेत, मिळाल्या तर पाहा.' सपनानं पर्समधी टाकली. शेजारणीला कसं कळलं हैदराबादचं, ते कोणी इचारलं न्हाई. बरं झालं. आता बांगड्या तर येतील. गावात नेमसिंग इचारंल, चारमिनार पाहिला का? म्हणीन, पाहिला. किती मिनार? चार. नावातच हाय, त्याला जावं कशाला लागतंय!

बास, आता एवढंच पाहिजे की गाडी यावी आन हे सुखानं बसून जावेत. मला त्याचीच धाकधूक हाय, दुसरी न्हाई. स्वप्निलला कळू नये. तो तसा आतून लई मऊ हाय. लहानपणी कुत्र्याचं पिल्लू मेलं तर दोन दिवस जेवला न्हव्हता. त्याला समजलं ना, की बाप बूट घालून आलता आन मायनं झंपर शिवला होता — तो जागचा हलणार न्हाई. तिकिटं फाडंल. न्हाईतर जाईल, पण चारमिनारापुढं फोटोला उभा राहिला तरी त्याला हसू येणार न्हाई. बायकोला बोलंल. ती म्हणंल, तुमीच इचारलं होतं. पुन्हा कटकट. काय मिळवलं? आमचं जाणं गेलंच हाय, त्यांचंबी जाईल. म्हणून सकाळपासून मी त्याच्यापासून असा लांब लांबच फिरून राहिलो. तोंडावर काही दिसायला नको. तुमच्यापाशी बोललो, कारण तुमी अनोळखी. अनोळखी माणूस म्हंजी वाहतं पाणी, बोललेलं घेऊन पुढं जातंय. जयपूरला जा न्हाईतर अकोल्याला उतरा, आमचं काय.

एक त्या पोरीचंच राहून राहून वाटतंय. जे गुडघे जायचेच न्हव्हते, त्यांच्यापायी तिचा उंट गेला. मी 'जयपूर' म्हणलो असतो तर? कोणाचं काय बिघडलं असतं? लेकरू हसत गेलं असतं. हे कोणाला सांगावं? तिला सांगता येत न्हाई, बाई, तुझ्या आजीसाठी केलं म्हणून. ती इचारंल, मंग आजी कुठं हाय?

वाजला का भोंगा? काय म्हणली बाई? — हैदराबाद? आली व्हय. बरं. बरं झालं. चला, उठतो. तुमी बसा, तुमची जयपूरकडची गाडी इकडून येईल, तिला येळ असंल अजून —

तुमी काहून उठले?

तुमचीबी हीच? हैदराबादची? मला वाटलं... तुमी काही बोललेच न्हाई. मीच बोलून राहिलो मघापासून. न्हाई न्हाई, तिकीट मला नका दाखवू, मला वाचता येत न्हाई, तुमीच सांगा. डबा कोणता?

एस चार.

...आमचाबी एस चारच हाय भाऊ. तो खांब त्याचाच.

पहा बरं. आता — तुमी त्यांच्या समोरच बसाल कदाचित. रातभर. हात जोडतो तुमाला. ते तुमाला दशमी देतील, सपना देतीच, कोणीबी शेजारी असलं तरी — खा, पण बोलू नका. कोणी केल्या म्हणून इचारू नका. पोरगी खिडकीला बसंल, रुसलेली, तिला सांगा, की तुझ्या आबानं... न्हाई. तिलाबी काही सांगू नका. उंट दिसला कुठं बाहेर, तर तेवढा दाखवा. दिसतो का तिकडं उंट? न्हाई ना. मंग राहू द्या.

थांबा. स्वप्निल येऊन राहिला. हसा जरासं. असं तोंड नका करू, माझ्या पोराला तोंड वाचता येतंय.

— आलो, आलो रं! काहून पळत आला, गाडी उभी तर राहू दे. ... व्हय, हितंच बसलो होतो, बूट लागला जरा. ... बाटली? भरली न्हाई व्हय मी? रिकामीच राहिली बघ. गाडीत घ्या पाणी इकत, पोरीला तहान लागंल. ... हे? न्हाई, वळखीचे न्हाईत. पाव्हणे हायेत, तुमच्याच डब्यात हायेत. ... काही न्हाई रं, बोलायचं काय. हे इचारून राहिले होते, बाबा, कुठं जायचं हाय? मी म्हणलं, हैदराबादला.

एवढंच. व्हय ना, पाव्हणे?

चढा आता. लई थांबत न्हाई ती हितं.